बालवाडीत हातांची भाषा

नाशिक ढोल भरात आला की शेजारच्याशी ओरडून बोलण्यात अर्थ नसतो. मिरवणुकीत माणसं हातानेच उरकतात: पाणी आण, पुढे सरक, नंतर फोन करतो. पण ‘काल पाऊस आला असता तर मिरवणूक लवकर आटोपली असती’ हे हातवाऱ्यांनी सांगून बघा! कर्णबधिरांच्या भारतीय सांकेतिक भाषेत ते सांगता येतं, कारण तिला स्वतःचं व्याकरण आहे. त्यात ‘काय’, ‘कुठे’ हे शब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतात आणि भुवया, मान, चेहराही व्याकरणाचं काम करतात. १९६० मध्ये विल्यम स्टोको या अमेरिकी प्राध्यापकाने दाखवून दिलं की प्रत्येक खूण हाताचा आकार, जागा आणि हालचाल यांची मिळून बनते. यातला एक घटक बदलला तरी अर्थ बदलू शकतो.

बाळांना हे उपजतच जमतं. लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट या संशोधकांनी १९९१ मध्ये सांकेतिक भाषेच्या घरात वाढणाऱ्या कर्णबधिर बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऐकणारं बाळ ‘बाबाबा’ करतं, त्या वयात ही बाळं बोटांनी तशीच निरर्थक, लयबद्ध बडबड करत होती. पुढे बोबडे बोलही हातांवर येतात. अवघड आकाराऐवजी मूठ, उघडा पंजा किंवा एक बोट असा सोपा आकार मूल वापरतं. बालवाडीतल्या ताईंनी ते लगेच सुधारायला जाऊ नये.

खरी अडचण घरची असते. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकणारे असतात, त्यांना ही भाषा येत नसते. निदानात, श्रवणयंत्रात किंवा कॉक्लियर इम्प्लांटच्या (शस्त्रक्रियेने बसवायच्या श्रवण-उपकरणाच्या) धावपळीत पहिली दोन-तीन वर्षं सहज जातात. मेंदू मात्र भाषेसाठी थांबून राहत नाही. पहिलीच भाषा उशिरा मिळालेल्यांना, ती सांकेतिक असली तरी, मोठेपणीही गुंतागुंतीची वाक्यं जड जातात, हे भाषा-संशोधक रेचल मेबरी यांच्या अभ्यासांत दिसलं आहे. ‘खुणा शिकवल्या तर मूल बोलायला आळस करेल’ ही भीती अजून ऐकू येते, पण तिला पुराव्याचा आधार नाही.

म्हणून कर्णबधिर मुलाला बालवाडीत खुणा हव्यातच. पण वर्गातल्या ऐकणाऱ्या मुलांनी त्या का शिकाव्यात? ‘खुणांनी बाळ हुशार होतं, लवकर बोलतं’ अशा जाहिरातींवर माझा विश्वास नाही. काळजीपूर्वक केलेल्या तुलनांमध्ये तसा ठोस फायदा दिसलेला नाही. माझ्या मते कारण साधं आहे: चार वर्षांच्या कर्णबधिर मुलीशी भांडायला, खेळायला, तिची चुगली करायला कुणीतरी हवं, आणि ते काम एकट्या ताईंचं नाही. नाशिकच्या सातपूर-सिडकोकडच्या अंगणवाड्यांत मराठीबरोबर अहिराणी, हिंदी, भोजपुरी घेऊन मुलं येतात. तिथे आणखी एका भाषेचं मुलांना ओझं वाटत नाही. ओझं वाटतं ते मोठ्यांना.

शिकवण्यात एक बारकावा आहे, तो कर्णबधिर मातांकडून घ्यावा. ऐकणाऱ्या मुलाला चित्र दाखवत दाखवत ‘हा बघ हत्ती’ म्हणता येतं, कारण डोळे चित्रावर आणि कान ताईंकडे असतात. कर्णबधिर मुलाकडे दोन्ही कामांना डोळेच. म्हणून या माता आधी चित्र बघू देतात, थांबतात, खांद्याला हलकेच हात लावतात आणि मूल वर बघेल तेव्हा खूण करतात. कधी ती खूण चित्राशेजारीच, मुलाच्या नजरेच्या टप्प्यात करतात. हे थांबणं शिकायला ताईंना सरावच लागतो. त्याशिवाय मुलं अर्धवर्तुळात बसवावीत आणि ताईंनी खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये. मागून उजेड आला की चेहरा काळवंडतो आणि चेहऱ्यावरचं अर्धं व्याकरण बुडतं.

सुरुवात रोजच्या कामांनी करावी: खाऊ, शू, अजून, झालं, दुखतंय. माणसांच्या खुणा तर मुलांना फार आवडतात. मिशीला पीळ म्हणजे पुरुष, नाकात चमकीच्या जागी बोट म्हणजे बाई.

खुणा मनाने मात्र रचू नयेत, नाहीतर त्या वर्गाबाहेर कुणालाच कळणार नाहीत. दिल्लीत २०१५ मध्ये सुरू झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश आहे. २०१८ मध्ये त्यात ३००० शब्द होते, २०२१ मध्ये १०,००० झाले. प्रत्येक शब्दाचा व्हिडिओ बघायला मिळतो. पण मोबाइलवरून शब्द मिळतात, संभाषण मिळत नाही. त्यासाठी ही भाषा रोज वापरणारी कर्णबधिर व्यक्ती आठवड्यातून एकदा तरी वर्गात यायला हवी. नाशिकमध्ये असे तरुण-तरुणी आहेत. त्यांना बोलवावं आणि रीतसर मानधन द्यावं. चहा-बिस्किटांवर बोळवण करू नये.