एकोणशंभर

माझी भाची सव्वातीन वर्षांची होती तेव्हा घरी येईल त्याला एक ते दहा म्हणून दाखवायची. न अडखळता, शेवटच्या 'दहा'ला टुणकन उडी मारून. एका दुपारी आम्ही शेंगा फोडत बसलो होतो. मी म्हटलं, "मला चार दाणे दे." तिने मूठ भरली आणि माझ्या हातावर रिकामी केली. "चार आहेत का? मोज बघू." तिने एकेका दाण्यावर बोट ठेवत मोजले, सात निघाले. "मग किती आहेत?" ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा पहिल्या दाण्यापासून सुरू झाली: एक, दोन, तीन...

घरच्यांना वाटलं, चेष्टा करतेय. पण तिच्या लेखी 'किती' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मोजणं, बस्स. मोजताना शेवटी आलेला शब्द हा अख्ख्या ढिगाचा आकडा असतो, हे अजून तिच्या डोक्यात उतरलं नव्हतं. अंक पाठ होते, संख्या कळायची होती.

कॅरन विन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या सुमारास लहान मुलांना हेच करायला लावलं: 'इतक्या वस्तू दे.' त्यातून जो क्रम दिसला तो मोठा गमतीचा आहे. मूल आधी फक्त 'एक' शिकतं. एक मागितलं तर एकच देतं, बाकी काहीही मागा, मूठभर येतं. मग काही महिन्यांनी 'दोन' कळतं. आणखी काही महिन्यांनी 'तीन'. दहापर्यंत घडाघडा म्हणणारं मूल एकेका संख्येपाशी असं महिनोन्‌महिने रेंगाळतं. आणि मग, बहुधा साडेतीन-चार वर्षांच्या आसपास, पाच, सहा, आठ असं पायरी-पायरीने न येता सगळं एकदम येतं. तीनपर्यंतचा अंदाज नुसत्या नजरेने येतो, त्यापुढे नियमच लागतो, आणि तो नियम एकदा हाती आला की सगळ्या संख्यांना लागू होतो. तो कुणी समजावून सांगत नाही. सांगून तो कळतही नसावा. शेकडो वेळा जिने मोजून, पोळ्या मोजून, बिस्किटं वाटून तो आतून तयार होतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनी याच्याही पुढचा टप्पा दाखवला होता. सारख्याच संख्येच्या सोंगट्यांच्या दोन ओळी मांडायच्या, 'कुठे जास्त?' विचारायचं, मग एक ओळ लांब पसरायची आणि पुन्हा विचारायचं, 'आता कुठे जास्त?' पाच वर्षांचं मूल लांब ओळीकडे बोट दाखवतं. पियाजे यांचा निष्कर्ष: सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना संख्या टिकून राहते हे उमगत नाही. पण १९७०च्या दशकात जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी एक खोडी काढली. ओळ मोठ्या माणसाने विस्कटायच्याऐवजी एका 'वात्रट' टेडीने विस्कटली, आणि बरोबर उत्तर देणाऱ्यांची संख्या चांगलीच वाढली. आपल्याकडे शाळेत गेलेल्या कुणालाही याचं फार नवल वाटू नये. बाईंनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की पहिलं उत्तर चुकलं, हे आपण पहिलीतच शिकतो.

आता मराठी मुलाकडे येऊ, कारण त्याच्या वाटेत एक जादा चढ आहे. 'बत्तीस' ऐकताना आधी दोन कानावर येतात, मग तीस. लिहिताना आधी तीन लिहायचे, मग दोन. म्हणून वहीत हमखास २३ उमटतं. जर्मनमध्येही 'दोन आणि तीस' असंच म्हणतात आणि तिथल्या मुलांच्या वह्यांतही हीच अदलाबदल सापडते. 'एकोणतीस'ची तर तऱ्हाच वेगळी. कानाला तीस ऐकू येतं आणि कागदावर तीनाचा पत्ता नाही! शिवाय 'सत्तर' पुढच्याच आकड्यात 'एकाहत्तर' होतो, 'पन्नास' कधी 'बावन्न'मधला 'वन्न' तर कधी 'त्रेपन्न'मधला 'पन्न'. शेजारच्या कन्नडमध्ये बत्तीस म्हणजे 'मूवत्तेरडु', सरळ तीस-दोन. चिनी भाषेत अकरा म्हणजे 'दहा-एक'.

याने खरंच फरक पडतो? मानसशास्त्रज्ञ केविन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी आणि अमेरिकी बालवाडीच्या वयाच्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. दहापर्यंत दोघं बरोबरीने. अकरा ते वीसमध्ये, जिथे इंग्रजी शब्द वेडेवाकडे होतात, तिथे अमेरिकी मुलं मागे पडली. पण छोटे ढीग मोजण्यात किंवा त्यांची साधी गणितं सोडवण्यात असा फरक दिसला नाही. म्हणजे अवघड शब्दांनी म्हणणं अडतं, 'चार म्हणजे किती' हे कळणं अडत नाही. अडतं ते पुढे, दशक-एककापाशी.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा काय गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना किती तरी वेळा सांगावं लागलं की जुने शब्द काढलेले नाहीत, जोडीला सोपा रस्ता दिलाय. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे, पण एक पुस्ती जोडून. 'तीस दोन' म्हटल्याने रचना ऐकू येते, दिसत मात्र नाही. त्यासाठी काड्याच हव्यात. दहा काड्यांना रबरबँड लावून केलेले तीन गठ्ठे, दोन सुट्या. त्यातून पाच वजा करायला सांगितलं की मूल सुट्यांकडे बघतं, अडतं, आणि मग एक गठ्ठा सोडतं. 'हातचा' हा शब्द त्याआधी शिकवण्यात काही अर्थ नाही.

भाची आता सात वर्षांची आहे. परवा जिना चढताना आजोबांना पायऱ्या मोजून दाखवत होती. पायऱ्या संपल्या तरी मोजणं थांबेना, सोफ्यावर बसून चालूच. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एकोणशंभर, शंभर.

आजोबा हसले. "एकोणशंभर नाही गं, नव्व्याण्णव."

तिला ते अजिबात पटलं नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, तिने बोटांवर पाढा लावला, थेट एकोणनव्वदपर्यंत. सगळीकडे पुढच्या दशकातून एक कमी. मग शंभराने काय घोडं मारलंय?

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांचा डबा शोधायला स्वयंपाकघरात गेलो.