यात्रेची रात्र आणि दहाची वेळ : तमाशाच्या चैत्री हंगामाची पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात पूर्वी यात्रा जवळ आली की पारावर एकच प्रश्न असायचा : यंदा तमाशा कुणाचा? आता त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आला आहे, आणि बऱ्याच गावांत तोच आधी विचारला जातो : रात्री दहाला बंद करायला लावतील का? हा प्रश्न नेमका कुठून आला आणि वीस-पंचवीस वर्षांत त्याने यात्रेच्या रात्रीचं काय केलं, त्याची ही पार्श्वभूमी.

पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, काही गावांत बुद्ध पौर्णिमेपर्यंत, हा यात्रांचा काळ. रब्बी घरात आलेली असते, रान मोकळं असतं आणि पावसाला अवकाश असतो. मुंबईत कामाला असलेला माणूसही याच दिवसांत गावी येतो. मुंबईचे डबेवाले बहुतेक याच भागातले. एप्रिलमध्ये त्यांच्या गावच्या यात्रा आल्या की काही दिवस अख्ख्या मुंबईचे डबे बंद राहतात. ज्या सेवेचा एक दिवसाचा खाडा चर्चेचा विषय होतो, ती सेवा ग्रामदैवतासाठी ठरवून थांबते, एवढं या दिवसांचं वजन आहे.

तमाशाची सुपारी, म्हणजे खेळाचा करार, ठरते ती जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात. पुणे-नाशिक रस्त्यालगत पाडव्याच्या सुमाराला फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाचं नाव, आत गादी, मॅनेजर आणि तारखांची वही. गावोगावचे पंच वर्गणीचा अंदाज बांधून येतात, दोन-चार राहुट्या फिरतात, घासाघीस होते आणि विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दिला जातो. चैत्र पौर्णिमा आणि तिच्यानंतरची कालाष्टमी या तारखा सगळ्यांत महाग, कारण त्याच रात्री शेकडो गावांत एकदम यात्रा असते. मधल्या तारखांना तोच फड बराच कमी रकमेत मिळतो. दक्षिणेकडच्या गावांसाठी सांगली जिल्ह्यातल्या विट्याला असाच बाजार भरतो. 'तमाशापंढरी' हे नाव मात्र नारायणगावालाच चिकटलं. विठाबाई नारायणगावकरांचं गाव म्हणून तर ते आहेच, पण पंचांना फडमालक जागेवर एकत्र भेटतात ती जागा म्हणूनही आहे.

त्याआधीचा इतिहास इथे थोडक्यातच. पेशवाईतले शाहीर आणि त्यांच्या लावण्या सर्वांना माहीत आहेत. आपल्या विषयाला महत्त्वाचं वर्ष १८६५. त्या वर्षी सावळजच्या फडाने 'मोहना बटाव' हा वग उभा केला आणि गण-गवळणीच्या मागे एक सलग गोष्ट आली, असं मानलं जातं. तेव्हापासून वग हा ढोलकी फडाचा, म्हणजे रात्रभराचा पूर्ण तमाशा करणाऱ्या फडाचा, कणा झाला. आधी गण (गणेशवंदना), मग गवळण (कृष्ण-गवळणींचा प्रवेश), बतावणी (विनोदी संवाद), रंगबाजी (गाणी आणि नाच) आणि शेवटी वग. वगाला दोन-तीन तास सहज लागतात, आणि तो मध्यरात्रीनंतर रंगात येतो. ही मांडणी रात्रीच्या लांबीवर बेतलेली आहे. पुढचं सगळं समजून घ्यायला एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

सरकारशी गाठ पडण्याची ही पहिली वेळ नव्हे. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी आणि काही जाणकारांनी दाद मागितली, समिती नेमली गेली, आणि संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर खेळ पुन्हा सुरू झाले. 'तमाशा' या शब्दालाच अडचण आहे हे पाहून डाव्या चळवळीतल्या शाहिरांनी 'लोकनाट्य' हे नाव रूढ केलं. पुढे फडांनी दोन्ही शब्द पाटीवर घेतले, म्हणून आजही ट्रकवर 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असं लिहिलेलं दिसतं. त्या वेळी हरकत शब्दांना होती, अभिनयाला होती. वेळेला कुणी हात लावला नव्हता.

वेळेला हात लागला तो फेब्रुवारी २००० मध्ये, केंद्राच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, अपवाद फक्त बंदिस्त जागांचा. नियम तमाशासाठी केलेला नव्हता. शहरातली मिरवणूक, प्रार्थनास्थळांवरचे भोंगे, लग्नाचे हॉल डोळ्यांसमोर ठेवून तो केला गेला आणि त्या दृष्टीने तो रास्तच होता. आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला, पहाटे कामावर जाणाऱ्याला झोप मिळाली पाहिजे, यावर गावातही दुमत नाही. खेडेगावात तो लगेच लागूही झाला नाही. पहिली काही वर्षं फौजदार यायचे, देवदर्शन घ्यायचे, पंचांशी बोलायचे आणि आवाज कमी ठेवा म्हणून सांगून जायचे.

२००२ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री दहा ते बारा अशी सूट देता येईल, असं पोटकलम आलं. यात्रेचा प्रश्न या १५ दिवसांत अडकला आहे आणि त्यावर बोलताना बहुतेक जण घाई करतात, म्हणून जरा थांबून पाहू.

पहिली गोष्ट, सूट मिळाली तरी ती मध्यरात्रीपर्यंतच आहे. पहाटेपर्यंतचा तमाशा त्यात बसतच नाही. दुसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे : हे १५ दिवस मोजायचे कुणाचे? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये रात्रीच्या शांततेच्या बाजूने सविस्तर निकाल दिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हे सवलतीचं पोटकलमही वैध ठरवलं. मात्र सूट देताना राज्य हे एकक धरावं, जिल्ह्याजिल्ह्याला वेगळे दिवस देऊ नयेत, असं बजावलं. हेतू स्पष्ट होता. प्रत्येक जिल्ह्याने, मग प्रत्येक तालुक्याने आपापले १५ दिवस मागितले तर नियमात काही उरणार नाही. प्रत्यक्षात पुढे याद्या जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीनेच निघू लागल्या, आणि त्यांत शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सवाचे काही दिवस, नवरात्र, नाताळ, ३१ डिसेंबर अशी सर्वांना समान असलेली नावं आली. ते साहजिकच होतं. राज्यभर एकाच तारखेला येणारा सणच अशा यादीत बसू शकतो.

यात्रा तशी येत नाही. तिची तारीख गावच्या देवाची असते. एका गावाची पौर्णिमेला, शेजारच्या गावाची कालाष्टमीला, पलीकडच्या वाडीची आणखी दोन दिवसांनी. एकट्या जुन्नर तालुक्यात शंभरावर गावं आहेत. सगळ्यांना बसवायचं तर आख्खा चैत्र-वैशाख यादीत घालावा लागेल, आणि ते न्यायालयाच्या शब्दांत बसणार नाही. उलट बाजूने पाहिलं तर एकेक गाव वर्षातून एकच रात्र मागतं. शहरातल्या एका चौकाला वर्षात १५ रात्री मिळतात, आणि ज्या गावात वर्षभर संध्याकाळी आठनंतर चिटपाखरू नसतं त्याला त्याची एक रात्र मिळत नाही. गावकऱ्यांचा हा युक्तिवाद मला खरा वाटतो. मोजणीचं एकक गाव धरलं असतं, तर शांततेचं नुकसान न होता हा प्रश्न सुटला असता. पण नियम लिहिताना यात्रेचं पंचांग कुणाच्या टेबलावर नव्हतं.

२०१० च्या दुरुस्तीने उरलेली फटही बुजली. तोवर बंदी ध्वनिक्षेपकाला होती. माईक काढून टाकला तर ढोलकी, हलगी, तुणतुणं वाजवायला कागदावर तरी अडचण नव्हती, आणि जुने कलावंत तेच सांगत : आमच्या बापजाद्यांनी कुठे माईक लावला होता! नव्या शब्दरचनेत रात्री दहानंतर वाद्यंही आली. अपवाद पुन्हा बंदिस्त सभागृहांचाच. संगीत बारीची, म्हणजे फक्त लावणी-गाण्यांच्या तमाशाची, थिएटरं चार भिंतींत असतात, त्यामुळे त्यांचा निदान विचार होऊ शकतो. मोकळ्या रानात बोर्ड, म्हणजे रंगमंच, मांडणाऱ्या ढोलकी फडाला कसलाच आडोसा नाही.

दहाची वेळ यात्रेच्या दिवसात कशी बसते तेही पाहिलं पाहिजे. सकाळी अभिषेक, मांडवडहाळे, दुपारी गाडे, म्हणजे बैलगाडा शर्यती. उन्हं उतरेपर्यंत घाटावरून, म्हणजे शर्यतीच्या जागेवरून, कुणी हलत नाही. मग घरोघरी पाहुण्यांच्या पंगती. त्यानंतर देवाचा छबिना, म्हणजे पालखीची मिरवणूक, निघतो आणि तो देवळात परत येईपर्यंत तमाशाला नारळ फुटत नाही, ही जुनी रीत. म्हणजे माणसं बसायला येतात तेव्हा साडेनऊ झालेले असतात. खेळ सातला सुरू करा हा सल्ला कागदावर सोपा आहे. पण सातला मैदानात लहान मुलं आणि फुगेवाले सोडून कुणी नसतं. काही गावांनी छबिना अलीकडे घेतला, काहींनी तमाशाच्या नंतर ठेवला. देवाच्या वेळेला हात लावताना गावात किती बैठका झाल्या असतील, हे गावकीत वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

नियम जसजसा कडक लागू झाला तसतसा फडांनी खेळ कापायला सुरुवात केली. गण दोन कडव्यांवर आला, गवळण कुठे ठेवली तर कुठे गाळली. रंगबाजीतली सिनेमाची गाणी मात्र लांबली, कारण कमी वेळात शिट्ट्या मिळतात त्या तिथेच. आणि वग गेला. पाटीवर वगाचं नाव असतं, बोर्डावर त्यातले दोन प्रवेश होतात किंवा तेही होत नाहीत. याचा फटका प्रेक्षकाआधी फडातल्या माणसांना बसला. वगनायक, खलनायक, म्हातारीचं काम करणारी बाई, रात्रभर लोकांना जागं ठेवणारा सोंगाड्या, यांना दोन तासांच्या खेळात जागा राहत नाही. ज्याच्या तोंडी तीस वर्षं तीन-तीन तासांचे वग पाठ होते तो माणूस आता तंबूच्या खुंट्या ठोकतो, हे पाहणं फार वाईट आहे.

दुसऱ्या दिवशीची हजेरी तेवढी शाबूत राहिली. सकाळी देवळासमोर फड गातो, मानकऱ्यांना हारतुरे होतात आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. दिवसाउजेडी असल्याने तिला दहाचा नियम लागत नाही. पण हजेरी गाण्यांची असते, वगाची भूक तिने भागत नाही.

सगळं खापर दहाच्या नियमावर फोडणंही बरोबर नाही. वर्गणीचा पैसा दुसरीकडेही वळला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद झाल्या तेव्हा यात्रांची दिवसाची गर्दी ओसरली आणि रात्रीचा तमाशा हेच मोठं आकर्षण उरलं. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने शर्यतींना मुभा देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि घाट पुन्हा गजबजले. त्याचा आनंद या भागात प्रत्येकाला झाला, मलाही झाला. पण शर्यती परत आल्या तेव्हा बक्षिसं बुलेट-ट्रॅक्टरपर्यंत पोहोचली, आणि जेवढं घाटावर गेलं तेवढं बोर्डावरून कमी झालं. त्यात ऑर्केस्ट्रा आणि नृत्याचे कार्यक्रम आले. दोन गाड्या, वीस माणसं, दोन तासांचा खेळ, दहाच्या आत सामान गाडीत. दहाच्या मापाने शिवलेल्या कार्यक्रमासमोर शंभर माणसांचा, पाच-सहा ट्रकांचा फड महाग दिसणारच. पंचांचाही यात दोष नाही. रात्रीच्या तमाशाचे पैसे देऊन संध्याकाळचा खेळ घ्यायचा, हा हिशेब त्यांना गावापुढे मांडता येत नाही.

फडमालकाचा हिशेब त्याहून अवघड असतो. कलावंतांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे, हंगामाच्या आधी द्यावी लागते आणि ती बहुतेकदा व्याजाने काढलेली असते. दसऱ्याला बाहेर पडणारे पूर्णवेळ फड हिवाळ्यात तंबू लावून तिकिटावर खेळ करतात. तिथे दहाचा काटा आधीच बसला, म्हणून त्यांची सारी भिस्त चैत्रातल्या सुपाऱ्यांवर आली. फक्त पाडव्यानंतर उभे राहणारे हंगामी फड तर याच पाच-सहा आठवड्यांवर जगतात. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देश बंद झाला. घेतलेले विसार परत द्यायचे होते आणि दिलेल्या उचली परत येणार नव्हत्या. पुढच्या वर्षीही यात्रा झाल्या नाहीत. २ एप्रिल २०२२ च्या पाडव्याला निर्बंध उठले तेव्हा राहुट्या पुन्हा लागल्या, पण पूर्वीच्या संख्येने नाहीत.

वेळ वाढवून द्या ही मागणी त्यानंतर दर हंगामात होते. निवेदनं दिली जातात, आश्वासनंही मिळतात. काही रात्री पोलीस दुर्लक्ष करतात, काही रात्री ऐन गवळणीत वायर काढली जाते, आणि कुठल्या गावी काय होईल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. त्यावर भर निवडणुकीची. २००४ पासून लोकसभेचं प्रत्येक मतदान एप्रिल-मेच्या आसपासच आलं आहे, आणि आचारसंहितेत दहाच्या काट्याला कुणी हलवू शकत नाही. २०२४ चा चैत्र असाच गेला. पुढची निवडणूक वेळेवर झाली तर २०२९ च्या यात्राही आचारसंहितेतच भरतील.