लाइनिंग : बदललेल्या पटकथेवरील रेघा

चित्रीकरण चालू असताना स्क्रिप्ट सुपरवायझर पटकथेच्या छापील पानावर उभ्या रेघा ओढतो, त्याला लाइनिंग म्हणतात. एका सेटअपला, म्हणजे कॅमेऱ्याच्या एका मांडणीला, एक रेघ. कॅमेरा ज्या ओळीवर सुरू झाला तिथून ती निघते आणि ‘कट’ झाला तिथे थांबते. रेघेच्या डोक्यावर सीनचा क्रमांक आणि शॉटचे अक्षर असते. बोलणारे पात्र फ्रेममध्ये असेल तोवर रेघ सरळ. नुसता आवाज येत असेल तिथे नागमोडी. समोरच्या डाव्या पानावर टेक (तोच शॉट कितव्यांदा घेतला), वेळ, लेन्स, कोणता टेक ओके आणि कोणता एनजी (‘नो गुड’, म्हणजे बाद) का, हे लिहितात. संकलकाला पान पाहताच कळते की अमुक वाक्य कोणकोणत्या शॉटमध्ये आहे. ज्या वाक्यावरून एकच रेघ गेली आहे, तिथे त्याला पर्याय नाही.

मराठी युनिटमध्ये या कामाला सरसकट ‘कंटिन्यूइटी’ म्हणतात. अनेकदा ते एखाद्या सहायक दिग्दर्शकाच्या गळ्यात पडते आणि क्लॅपही (शॉटचा क्रमांक लिहिलेली पाटी) त्याच्याच हातात असते.

देवनागरी पानावर एक अडचण जास्तीची आहे. शब्दावरून गेलेली काळी उभी रेघ काना वाटते. ‘घर’मधल्या ‘र’ला ती चिकटली की ‘घरा’ वाचले जाते, आणि वाक्याच्या शेवटी आली तर दंड. म्हणून रंगीत बारीक पेन वापरावे आणि रेघ शक्यतो दोन शब्दांमधल्या फटीतून न्यावी. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेबही इंग्रजी पटकथेच्या १२ पॉइंट कुरिअर टंकावर बसवलेला आहे. देवनागरी टंकात तो जुळेलच असे नाही. पानाचे आठ भाग करून काम मोजण्याची पद्धत मात्र इथेही चालते.

खरी परीक्षा पटकथा बदलते तेव्हा. रेघ ही काय चित्रित झाले याची नोंद असते, आता काय लिहिले आहे याची नव्हे. म्हणून रेघा असलेले पान कधीही फेकायचे नसते. समजा, सदाशिव पेठेतल्या वाड्यात सीन २४ चालू आहे. पहिल्या दिवशी मास्टर, म्हणजे अख्खा सीन दाखवणारा शॉट (२४), आणि आईचा क्लोज (२४-ए) झाला. मुलाचे वाक्य होते, ‘मी येणार नाही.’ रात्री नवे पान आले. आता तो म्हणतो, ‘मी उद्या येतो,’ आणि पुढची दोन वाक्ये उडाली. दुसऱ्या दिवशी मुलाचा क्लोज (२४-बी) नव्या संवादाने झाला. आता २४ आणि २४-ए यांच्या मूळ रेघा जुन्या, पांढऱ्या पानावरच राहतात. न बदललेल्या ओळींपुरत्या त्या नव्या पानावर उतरवतात. बदललेल्या वाक्यापाशी रेघ तोडून शेजारी ‘इथे जुना संवाद, पांढरे पान पाहा’ असे लिहितात. २४-बी थेट नव्या पानावर. दोन्ही पाने फाइलमध्ये लागोपाठ. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दिग्दर्शकाला लोकेशन सुटण्याआधी सांगणे, की मास्टरमध्ये मुलगा अजून ‘येणार नाही’च म्हणतोय आणि आईची प्रतिक्रियाही त्याच वाक्यावरची आहे. नुसती सुंदर रेघ आखून हे भागत नाही.

चित्रीकरणाआधी सीन क्रमांक आणि पाने लॉक केलेली, म्हणजे पुढे न बदलण्यासाठी कायम केलेली, असली तर निम्मा गोंधळ टळतो. पान ३१ वाढले तर ३१-ए येते, ३२ जागचे हलत नाही. उडालेल्या सीनचा क्रमांक ‘वगळला’ असे लिहून तसाच ठेवतात, दुसऱ्याला देत नाहीत. २४ आणि २५ यांच्या मध्ये नवा सीन आला तर त्याला ‘ए-२५’ म्हणणे सोयीचे, कारण ‘२४-ए’ हे नाव क्लॅपवर शॉटने आधीच घेतलेले असते. शॉटच्या अक्षरांतून रोमन ‘आय’ आणि ‘ओ’ गाळण्याची पद्धत आहे. ती एक आणि शून्यासारखी दिसतात. लॉक न करता मधेच क्रमांक पुढे सरकवले, तर क्लॅपवरचा २७ जुना की नवा हे संकलनाच्या टेबलावर कोणीच सांगू शकत नाही.

अमेरिकी प्रथेत प्रत्येक सुधारणेला कागदाचा रंग ठरलेला असतो : पांढऱ्यानंतर निळा, गुलाबी, पिवळा, हिरवा, बदललेल्या ओळीच्या उजव्या समासात तारा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात हवा तो कागद मिळतो, पण छोट्या युनिटमध्ये सुधारणा येते ती व्हॉट्सअॅपवर, पीडीएफच्या रूपात, आणि झेरॉक्स निघते पांढऱ्यावरच. मग प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख आणि आवृत्ती हाताने घालण्यावाचून गत्यंतर नसते. रंगभूमीवरून आलेले नट तर पान न बदलताही वाक्य फिरवतात. तेव्हा छापील ओळ खोडू नये. जे बोलले गेले ते वर पेनने लिहून टेक क्रमांक द्यावा. पुढे डबिंग करायचे असेल तर तीच ओळ लागते.

पुण्यात या कामाची जाण असलेली दोन ठिकाणे लॉ कॉलेज रस्त्याच्या परिसरातच आहेत. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट, जिथे दिग्दर्शन आणि संकलन शिकणारी मुले एकाच प्रकल्पावर काम करतात. आणि १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, जिथे चित्रपटांसोबत पटकथा, छायाचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपल्या जातात.