छाट कलमाची पार्श्वभूमी : एका शब्दाचा घोळ

खानदेशात परसातली जास्वंद, कण्हेर, मोगरा पैसे देऊन क्वचितच कुणी आणली. शेजारून काडी मागायची आणि मोरीच्या ओलीवर टोचायची, एवढंच. हेच छाट कलम. धुळ्याला आमची आजी काडीचं टोक आधी शेणात बुडवायची. सहाव्या शतकातल्या एका संस्कृत ग्रंथातही डाळिंब, द्राक्ष यांची कांडी शेणाचा लेप देऊन लावायला सांगितली आहे. पुढच्याच ओळीत मात्र दुसऱ्या झाडाच्या मुळावर किंवा खोडावर ती बसवण्याची रीत येते. दोन वेगळ्या गोष्टी तिथपासूनच शेजारी बसल्या आहेत.

घोळ वाढवला तो 'कलम' या शब्दाने. मूळ अर्थ बोरूची लेखणी, तिरकी छाटलेली. मराठीने तो सगळ्यालाच लावला. छाट, दाब (फांदी वाकवून मातीत दाबायची) आणि गुटी (फांदीची साल काढून, ओलं शेवाळ बांधून झाडावरच मुळं आणायची) कलमात झाड स्वतःच्या मुळांवर वाढतं; भेट कलमात (दोन झाडांच्या फांद्या जोडून केलेल्या) आणि डोळा भरलेल्या रोपात (दुसऱ्या झाडाची कोंबाची कळी, म्हणजे डोळा, सालीत बसवलेल्या) मुळं परक्या खुंटाची, म्हणजे खालच्या मुळांच्या झाडाची असतात. नर्सरीत 'कलमी गुलाब' म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा डोळा भरलेला. खुंटाला फुटवा येतो, गिऱ्हाईक त्याला हौसेने वाढवतं, आणि दोन-तीन वर्षांत डोळा मरून खुंट तेवढा उरतो. मग म्हणायचं, गुलाब रानटी झाला. गुलाब रानटी होत नसतो. पाटीवर 'छाट' की 'डोळा' एवढं लिहिणं नर्सरीवाल्याचं कामच आहे, असं माझं ठाम मत आहे.

1930 च्या दशकात मुळं फोडणारी संजीवकं (वाढीची रसायनं) हाती लागली आणि शेणाची जागा पुढे पुडीतल्या पावडरीने घेतली. बोगनवेलीसारख्या हट्टी लाकडाला तिचा खरा उपयोग. मोगऱ्याला तिची फारशी गरज नाही. आपल्याकडे खरी अडचण उन्हाची. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, काडीला मुळं नसतात आणि पानं पाणी सोडत राहतात. म्हणून आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लावलेली काडी करपते, पहिल्या पावसानंतरची जगते. काळ्या मातीत पाणी तुंबून टोक कुजतं, त्यासाठी नदीची वाळू मिसळायची. शेडनेट आल्यावर उन्हाळ्यातही रोपं होऊ लागली.

त्याच सोयीबरोबर रोगही आले. डाळिंबाची गुटी तेल्या (जिवाणूंमुळे होणारा डाळिंबाचा डागांचा रोग) लागलेल्या बागेतून आली की नव्या बागेत तेल्याही येतो. साक्री भागातल्या बागाइतदारांना हे नव्याने सांगायला नको. परसातल्या एकट्या डाळिंबालाही तोच नियम.

रोप घेताना खोडाच्या बुडाशी बोटाने माती सारून चाचपावं. गाठ लागली तर डोळा भरलेला, तिच्याखालचा प्रत्येक फुटवा खुडायचा. खोड सरळ मातीत गेलेलं असेल तर ते स्वतःच्याच मुळांवरचं, बहुधा छाट कलम, खालून काहीही फुटलं तरी ते त्याचंच.