तुमचं म्हातारं कुत्रं किंवा मांजर आमच्याकडे आणताना

लॅब, अल्सेशियन सातव्या-आठव्या वर्षी उताराला लागतात. पामेरियन नवव्या-दहाव्यापर्यंत टुणटुणीत असतं. मांजराचं वय अकराव्याच्या पुढं जाणवायला लागतं. अंघोळीला आणि केस कापायला आमच्याकडे येणाऱ्यांत अशी बरीच आहेत, आणि टेबलाशेजारी उभ्या मालकांकडून एक वाक्य ठरलेलं ऐकू येतं: "वय झालंय ओ त्याचं, चालायचंच." वय हळूहळू होतं. गेल्या महिन्यात जिना चढणारं कुत्रं या महिन्यात पायरीशी थांबत असेल, तर त्याला काहीतरी दुखतंय. डॉक्टरांना दाखवा.

नखांकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. चालणं कमी झालं की नखं झिजत नाहीत. लांब नख फरशीला टेकतं, पंजा नीट बसत नाही, कुत्रं घसरतं, आणि एकदा घसरलं की भीतीनं उठायलाच मागत नाही. पुढच्या पायाला आत, जरा वर असलेलं अंगठ्याचं नख तर जमिनीला लागतच नाही. ते गोल वळून मांसात रुतलेलं आम्ही बऱ्याचदा पाहतो. महिन्यातून एकदा नखं कापून घ्या, त्यासाठी अंघोळ घातलीच पाहिजे असं नाही. पंजाखालचे वाढलेले केसही तेव्हाच काढतो. घरात त्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी अंथरा. वाड्यातल्या खरबरीत शहाबादीवर पाय धरायचा, फ्लॅटातल्या चकचकीत टाइल्सवर तरण्या कुत्र्याचेही पाय फाकतात.

मांजराच्या पाठीवर, शेपटीच्या बुडाशी केसांचे गठ्ठे झाले तर त्याला आळशी म्हणू नका. सांधे दुखतात म्हणून त्याची मान तिथवर वळत नाही. गठ्ठा घरी कात्रीनं कापू नका, म्हाताऱ्या मांजराची कातडी पातळ असते आणि केसांबरोबर सहज कापली जाते.

साबण लावताना हाताला गाठ लागली तर आम्ही जागा दाखवतो. ती चरबीची की दुसरी कसली, हे हात लावून कळत नाही. डॉक्टर सुईनं नमुना काढून तपासतात. नसबंदीचं ऑपरेशन न झालेल्या मादीच्या आचळांत गाठ असेल तर पुढच्या अंघोळीपर्यंत थांबू नका. अशी मादी एकदम जास्त पाणी प्यायला लागली, खाईना, मागून घाण जात असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवीही पाणी आणि लघवी वाढली की किडनी किंवा साखर तपासून घ्यावी लागते. भांड्यात मापून पाणी ओता, म्हणजे डॉक्टरांना नेमकं सांगता येईल.

आता रविवारचा विषय. तांबडा रस्सा कुत्र्याला नको. त्यातला कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, वरचा कट पोटाला झेपत नाही. शिजलेल्या हाडाच्या कपच्या आतड्यात टोचतात. द्यायचंच असेल तर मीठ-मसाला पडण्याआधी उकडलेल्या मटणाचे दोन-चार बिनहाडाचे तुकडे बाजूला काढा. हे सांगितलं की काही जण हसतात, पण सोमवारी जुलाबानं बरबटलेलं कुत्रं धुवायला आमच्याकडेच येतं.

लंगडतंय म्हणून घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला बाधतं.

जून ते सप्टेंबर अंघोळी कमी करा. आपल्याकडच्या पावसात दाट केस आतून वाळत नाहीत आणि ओल राहिली की कातडी चिघळते. तेव्हा कोरडं विंचरून घेतलं तरी भागतं.

दहा वर्षांपुढच्या जनावरांना आम्ही दुपारची वेळ देतो, तेव्हा दुकानात भुंकणारं दुसरं कोणी नसतं. ब्लोअर हळू ठेवतो, कापताना खाली बसू देतो. येताना चालू औषधांची चिठ्ठी आणि रेबीजच्या लसीचं कार्ड आणा. हृदयाची गोळी चालू असेल तर आधी फोनवरच सांगा. मधेच धाप लागली किंवा पाय थरथरायला लागले तर काम तिथंच थांबवतो. उरलेलं त्याच आठवड्यात करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.