वचन ते पंगत: मराठी ख्रिस्ती घरांत बायबल कसं रुजलं

जेवणाआधी किंवा झोपण्याआधी घरातल्यांनी एकत्र बसायचं, एकानं शास्त्रपाठ वाचायचा, दुसऱ्यानं गीत सुरू करायचं, लहान पोरानं तोंडपाठ केलेलं वचन म्हणून दाखवायचं आणि शेवटी सगळ्यात वडीलधाऱ्यानं प्रार्थना करायची. अहिल्यानगर, सोलापूर, जालना, कोल्हापूर या भागांतल्या अनेक मराठी ख्रिस्ती घरांत ही कौटुंबिक उपासना आजही चालते. नुसतं वाचन एवढाच तिचा हेतू नसतो. उद्या शेजाऱ्याशी कसं बोलायचं, उसने पैसे वेळेवर कसे फेडायचे, सासूसुनेत काल जे झालं ते आज कसं मिटवायचं, हे सगळं त्या उताऱ्याच्या उजेडात बघायचं असतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचं सांगणंही हेच: वचन नुसतं ऐकून थांबू नका, त्याप्रमाणे वागा. ही सवय आपल्याकडे कशी आली आणि वाटेत तिचा कस कुठे लागला, ते पाहण्यासारखं आहे.

मूळ कल्पना ख्रिस्ती मंडळीहूनही जुनी. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएल लोकांना आज्ञा आहे की ही वचनं मुलाबाळांच्या मनावर बिंबवा. घरी बसलेले असा, वाटेनं चालत असा, निजताना, उठताना त्यांविषयी बोला. दाराच्या चौकटीवर ती लिहा. शास्त्राची जागा घरात आणि वाटेवर आहे, हे यात स्पष्ट आहे. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्याही घरांतच भरत आणि भाकर मोडत. तिथंच पहिली मोठी अडचण आली. अंत्युखिया शहरात यहुदी नसलेल्यांबरोबर जेवणारा येशूचा शिष्य पेत्र, यरुशलेमहून यहुदी माणसं आल्यावर भीतीनं पंक्तीतून बाजूला झाला, आणि प्रेषित पौलानं त्याला तोंडावर विरोध केला. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे आहे. करिंथमध्ये श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलानं त्यांनाही खडसावलं. मराठी मुलखातला पुढचा इतिहास समजून घ्यायचा तर हे दोन प्रसंग ध्यानात ठेवावेत, कारण आपल्याकडेही खरी परीक्षा पंगतीतच झाली.

मराठीत ख्रिस्ती शास्त्रकथा पहिल्यांदा विस्तारानं आली ती गोव्यात, ओवीतून. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट संघाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि साष्टीत राहून इथलेच झाले. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यात रोमन लिपीत छापलं गेलं. ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्यासाठी दुसरी का करत नाही? हा प्रश्न मला त्या काळातला सगळ्यात खरा प्रश्न वाटतो. बाप्तिस्मा झाला, देवळात जायला लागलो, पण रोज संध्याकाळी कानावर काय पडणार? पोरांना गोष्ट कुठली सांगायची? स्टीफन्सनी उत्तर म्हणून दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा, ज्या चालीवर लोक ज्ञानेश्वरी ऐकत आले त्याच चालीवर. रविवारी धर्मशिकवणीनंतर ती मोठ्यानं वाचली जाई.

त्याच गोव्यात वागणूक बदलण्याची दुसरी रीतही चालू होती, हुकमाची. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये आलं. १६८४ च्या फर्मानानं लोकांना तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज धरायला सांगितलं. १७३६ चा इन्क्विझिशनचा जाहीरनामा तर थेट स्वयंपाकघरात आणि अंगणात शिरला: मीठ न घालता भात शिजवायचा नाही, तुळस लावायची नाही, लग्नात अमुक विधी करायचे नाहीत. दंडाच्या भीतीनं माणूस तुळस उपटतो. त्यानं त्याचं मन शास्त्राकडे वळत नाही. ओवी मात्र राहिली. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या घराण्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ हस्तलिखितांत जपलं, आणि १९०७ मध्ये तिथूनच त्याची नवी आवृत्ती निघाली. तीन शतकं एखादी पोथी लोक स्वखुशीनं उतरवून ठेवतात, तेव्हा ती त्यांच्या रोजच्या जगण्यात मुरलेली असते, असं मी मानतो.

देशावरची कहाणी दोनशे वर्षांनी सुरू होते. बंगालमधल्या श्रीरामपूरला (सेरामपूर) मिशनरी विल्यम कॅरी आणि त्यांचे पंडित वैजनाथ शर्मा यांच्या कामातून १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला गेला. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि त्यांचे साथी मुंबईत आले आणि अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. १८२६ मध्ये त्यांचा नवा करार निघाला, त्याच वर्षी हॉल दौऱ्यावर असताना कॉलऱ्यानं वारले. संपूर्ण बायबल १८४७ मध्ये आलं. पण छापील बायबल हाती आलं तरी वाचणार किती जण? नगर जिल्ह्यात मिशननं १८३१ मध्ये तळ ठोकला तेव्हा खेड्यापाड्यात ख्रिस्ती होणारे पुष्कळजण महार आणि मांग समाजाचे होते. त्यांना शाळेचं दार कुणी उघडलंच नव्हतं. म्हणून मिशनला एकाच वेळी शाळाही काढाव्या लागल्या आणि कानावाटे शास्त्र पोचवण्याचा मार्गही शोधावा लागला.

तो मार्ग दाखवला इथल्याच माणसांनी. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६२ च्या सुमारास नगरकडे ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं. टाळ, वीणा, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं हरिदासांच्या कीर्तनासारखं; आख्यान मात्र येशूच्या दाखल्यांतलं, उधळ्या पुत्राचं किंवा वाटेतल्या जखमीला उचलणाऱ्या परक्या, चांगल्या शोमरोन्याचं. कीर्तनाचं सामर्थ्य असं की त्यात कथा सांगून थांबता येत नाही. कीर्तनकार समोरच्या माणसाला विचारतो: वाटेत जखमी पडलेला तो तुझ्या गावचा, खालच्या आळीतला असता तर तू थांबला असतास का? छापील पानावरची ओळ असा जाब मागत नाही. पुढे भजनं आली, अभंग आले. मंडळ्यांत आजही ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हातात घेऊन गायलं जातं, आणि ज्यांना वाचता येत नाही अशा आजींना त्यातली कितीतरी पदं पाठ असतात. शास्त्र त्यांच्या तोंडी असंच बसलं.

बदल मात्र सोपे नव्हते. मूर्तिपूजा सोडायची, रविवार पाळायचा, जातिभेद सोडायचा, या मिशनच्या अटी होत्या. रोजंदारीवर जगणाऱ्याला आठवड्यातला एक दिवस काम न करणं म्हणजे त्या दिवशीची भाकरी सोडणं. गावकीचं काम करणाऱ्याला गावदेवीच्या विधीतून अंग काढणं म्हणजे बलुत्यावर पाणी सोडणं. तरीही ही दुखणी एकेका घरापुरती होती. खरी कसोटी प्रभुभोजनाला लागली. एकाच भाकरीतून तुकडा घ्यायचा, एकाच पेल्याला ओठ लावायचे, आणि शेजारी कोण बसलंय ते बघायचं नाही. तमिळ मुलखातल्या जुन्या मंडळ्यांत जातवार वेगळं बसणं चालत आलं होतं. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी त्याविरुद्ध कडक पत्र काढलं. नगरच्या मिशननं सुरुवातीपासूनच हे चालवून घ्यायचं नाही असं धरलं होतं. ब्राह्मण घरातले हरिपंत खिस्ती आणि महारवाड्यातून आलेले बांधव एका पेल्यातून पीत होते, ते १८४० च्या आसपासचं नगर. विहिरीच्या पाण्यावरून डोकी फुटत होती, तेव्हाची ही गोष्ट. अंत्युखियातला पौल तिथं पुस्तकातून बाहेर आला होता.

घराच्या आत हा बदल कसा होतो, याचं मराठीतलं सगळ्यात प्रामाणिक चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलले आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं ताटातूट झाली. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला आल्या तेव्हा सोवळं घेऊनच आल्या: स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग एके दिवशी त्यांच्या मनात विचारांचा धागा लागला की माणूस देवानं केला, जाती माणसानं केल्या. आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी वागणूक बदलली आणि मग विधी झाला, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. टिळकांनीही पुढे शास्त्र मराठी भक्तीच्या अंगणात आणलं, अभंगांतून. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली, तिच्यामागे हाच ध्यास होता की ख्रिस्ताचं शिष्यत्व मिशनच्या कंपाउंडात अडकून पडू नये. १९१९ मध्ये ते गेले.

पंडिता रमाबाईंनी हेच काम वेगळ्या बाजूनं हाती घेतलं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली उचलून आणल्या तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या केडगावची जमीन त्यांचा आधार झाली. तिथं उभ्या राहिलेल्या मुक्ती मिशनमधल्या इमारतींची नावं पाहिली तरी शास्त्र कामात कसं उतरलं ते कळतं. समाजानं टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. म्हाताऱ्या-दुबळ्यांसाठी प्रीती सदन. आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन. मार्काच्या शुभवर्तमानात यरीहोच्या वाटेवर बसून येशूला हाका मारणारा आंधळा भिकारी तो बार्तीमय. लोक त्याला गप्प बस म्हणत होते, येशू थांबला. मुक्तीत आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं जाई, म्हणजे बोटांनी वाचायला. याला मी शास्त्राचं भाष्य म्हणेन.

त्याच मुलींसाठी त्यांना दिसलं की असलेलं मराठी बायबल जड आहे. संस्कृत शब्दांनी भरलेली ती भाषा खेड्यातून आलेल्या बाईला कळत नाही, आणि कळलं नाही तर ती वागणार तरी कशी? मग संस्कृतची ही पंडिता उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि सोप्या मराठीत भाषांतराला बसली. अक्षरजुळणी, छपाई, बांधणी मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. एकेकाळी धान्याच्या दाण्यासाठी वणवण करणारी मुलगी शिशाचे खिळे वेचून शुभवर्तमानाची ओळ जुळवते आहे, हे दृश्य मराठी छपाईच्या इतिहासात दुसरीकडे सापडायचं नाही. नवा करार आधी निघाला. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून झालं. पुढे मंडळ्यांत बायबल सोसायटीचंच भाषांतर रूढ राहिलं, याची मला हळहळ वाटते.

वसईच्या कॅथलिक घरांत गोष्ट निराळी. तिथं शतकानुशतकं रोजची माळ, सणवार, संतांच्या नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) यांतून श्रद्धा जगली गेली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असे आणि बायबल घरी वाचायचं पुस्तक नव्हतं. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये शास्त्र सर्व श्रद्धावंतांच्या हाती खुलं असावं असं सांगितलं, मिस्सा मराठीत आली, आणि पुढच्या पिढीत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये घरोघर गेलं. त्यांनीच ‘सुवार्ता’ मासिकातून वसईच्या पाणी आणि जमिनीच्या प्रश्नांवर लिहिलं, चळवळीत उतरले. शास्त्र वाचणाऱ्यानं गावाच्या विहिरीबद्दल बोलायला हवं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, दोन्हीकडे अर्धीच राहिली. प्रभुभोजनाच्या पेल्यापर्यंत जात सुटली. सोयरिकीपर्यंत पुष्कळ ठिकाणी सुटली नाही. स्थळ बघताना मूळ कुठलं, हे दबक्या आवाजात आजही विचारलं जातं. कायद्याच्या बाजूनं १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची व्याख्या धर्माशी बांधली, त्यामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना ते संरक्षण मिळत नाही, आणि गावात त्यांच्याशी वागणारे तर त्यांची जात विसरलेले नसतात. गेली काही दशकं अनेक मंडळ्यांत तरुण या विषयावर बायबल अभ्यास घेतात, आणि सुरुवात बहुधा गलतीकरांस पत्राच्या त्याच दुसऱ्या अध्यायापासून होते.