एमआर झाली, मग आता एमएमआर कशाला?

लसीकरणाच्या वारी आमच्या दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. "नवव्या महिन्यात उपकेंद्रात गोवरची लस दिली होती. आता परत कशाला टोचायचं?" गर्दीच्या वेळी नीट बोलणं होत नाही, म्हणून हे माहितीपत्रक घरी नेऊन निवांत वाचा.

सरकारी लसीकरणात ९ ते १२ महिन्यांत आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत एमआर देतात, म्हणजे गोवर आणि रुबेलाची लस. ती मोफत आहे आणि चांगली आहे. पैसे मोजून घेतलेली एमएमआर अधिक गुणकारी, असा समज करून घेऊ नका. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट या दोन्ही लसी बनवते. एमएमआरमध्ये गालगुंडाची लस जादा असते, एवढाच फरक. बालरोगतज्ज्ञांची संघटना एमएमआरचे तीन डोस सुचवते: ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान. पैशांची ओढाताण असेल तर सरकारी दोन्ही डोस वेळेवर पूर्ण करा. आमच्या मते ते आधी. आधी एमआर झालेल्या बाळालाही पुढे एमएमआर देता येते, मधे निदान चार आठवडे जाऊ द्यायचे.

<b>दुसरा डोस का लागतो?</b>

आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती नवव्या महिन्यात बाळाच्या अंगात थोडी शिल्लक असते आणि ती लसीलाच अडवते. त्या वयात १०० पैकी साधारण ८५ बाळांनाच गोवरापासून संरक्षण मिळतं. उरलेली कोणती, हे बाहेरून कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच दुसरा डोस देतात. वर्षाच्या पुढे दोन डोस झाले की गोवरापासून सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळतं. गालगुंडाचा भाग तुलनेने कमजोर आहे, दोन डोसनंतर ८८ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे लस घेतलेल्या मुलालाही क्वचित गालगुंड होतं, पण सहसा सौम्य.

"गोवर काय, सगळ्यांनाच निघायचा," असं घरातली मोठी माणसं म्हणतात. त्यांच्या लहानपणी ते खरंच होतं. पण गोवरातून न्यूमोनिया होतो, डोळे जातात, मेंदूला सूज येते. आधीच्या आजारांशी लढून शरीराने कमावलेली ताकदही गोवर बऱ्याच अंशी पुसून टाकतो, म्हणून नंतर कितीतरी महिने मूल सारखं आजारी पडतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवराने मुलं दगावली. रुबेला मुलाला फारसा त्रास देत नाही, पण गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपण किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकतं.

<b>त्रास काय होऊ शकतो?</b>

ताप बहुतेक वेळा त्याच दिवशी येत नाही. साधारण ६ ते १२ दिवसांनी येतो, कधी अंगावर बारीक पुरळही उठतं. तोवर पालक लस विसरलेले असतात आणि घाबरतात. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या, मात्रा आम्हाला विचारा. तीन-चार हजार डोसमागे एखाद्या बाळाला तापात आकडी येते. ती बघवत नाही, पण त्यातून कायमचं नुकसान सहसा होत नाही. तरीही बाळाला लगेच दवाखान्यात आणा. तीस-चाळीस हजारांत एखाद्याच्या प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) काही काळ कमी होतात. अंगावर जांभळे डाग दिसले तर थांबू नका. गालगुंडाच्या भागामुळे फार क्वचित मेंदूच्या आवरणाला सूज येते, ती बहुतेकदा आपोआप ओसरते. तीव्र अ‍ॅलर्जी अतिशय दुर्मीळ, पण तिच्यासाठीच आम्ही लसीनंतर अर्धा तास बसवून ठेवतो.

या लसीमुळे ऑटिझम (मुलाच्या बोलण्या-मिसळण्याच्या वाढीतली अडचण) होतो, ही भीती व्हॉट्सॲपवरून अजून फिरते. तिचं मूळ १९९८ साली ब्रिटनमध्ये छापलेल्या, अवघ्या १२ मुलांवरच्या एका लेखात आहे. लेखातली माहिती चुकीची ठरल्यावर त्या नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासली, त्याचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला: लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमच्या प्रमाणात फरक नाही. ऑटिझमची लक्षणं आई-वडिलांच्या लक्षात येऊ लागतात तेच वय या लसीचं असतं, त्यामुळे दोन्हींचा संबंध जोडला जातो. बाळ बोलत नाही, हाकेला बघत नाही असं वाटत असेल तर जरूर सांगा, त्यावर वेगळी तपासणी करू.

<b>टोचण्याआधी आम्हाला सांगा</b>

बाळाची प्रतिकारशक्ती कमी आहे, कॅन्सरचे उपचार किंवा स्टेरॉइडचे मोठे डोस चालू आहेत, नुकतंच रक्त चढवलं आहे, आधीच्या डोसला तीव्र अ‍ॅलर्जी आली होती, यांपैकी काहीही असेल तर लस थांबवून ठरवावं लागतं. गरोदर बाईला ही लस देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची. अंड्याची अ‍ॅलर्जी किंवा साधी सर्दी असेल तर लस टाळायचं कारण नाही.

येताना लसीकरणाचं कार्ड आणा, उपकेंद्रातलं असलं तरी. पावडर आणि पाण्याची कुपी आम्ही तुमच्यासमोर फोडून मिसळतो, त्यावरची मुदतीची तारीख वाचून घ्या.